खतावणीतली आडवी रेघ

दसरा उलटला की आमच्या घरी माळा झाडण्याचा कार्यक्रम सुरू होई. मोठी माणसे शिडी धरून खाली उभी राहत आणि अंगाने हलका म्हणून मला वर चढवीत. माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या जुन्या चोपड्या होत्या. तांबड्या खारव्याच्या बांधणीच्या, सुतळीने आवळलेल्या, साला-सालांनी रचलेल्या. त्या खाली उतरवायच्या, उन्हात धरायच्या, फडक्याने पुसायच्या आणि पुन्हा होत्या तशा वर ठेवायच्या, एवढेच माझे काम. पण हाती वही आली आणि ती उघडून पाहिली नाही, असे माझ्या हातून लहानपणापासून कधी झाले नाही. पुढे जन्मभर मी हिशेब तपासण्याचीच नोकरी केली, त्याचे मूळ बहुधा त्या माळ्यावर असावे.

अशाच एका दिवाळीत संवत १९९१ ची खतावणी माझ्या हातात आली. आमचे दुकान घासलेट, गोडेतेल, दोरखंड असल्या किरकोळ आणि घाऊक मालाचे. त्या काळी आमच्या गावात वीज आलेली नव्हती. रस्त्याच्या कडेला खांबांवर कंदील असत, आणि दिवेलागणीला म्युनिसिपालिटीचा बत्तीवाला खांद्यावर शिडी टाकून ते पेटवीत जाई. त्या कंदिलांचे घासलेट आमच्या दुकानातून जाई. खतावणीत ‘म्युनिसिपालिटी खाते’ म्हणून एक पान होते आणि त्यावर महिन्याच्या महिन्याला डब्यांची नोंद होती. परंतु ते पान शेवटपर्यंत भरलेले नव्हते. मध्येच तांबड्या शाईची एक आडवी रेघ होती, आणि तिच्याखाली आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘हिशेब चुकता. खाते बंद.’

मी खाली उतरून वडिलांना विचारले, “आपलं घासलेट वाईट होतं का?”

वडील हसले. म्हणाले, “घासलेट चांगलंच होतं. त्या साली तुझे आजोबा मेंबर झाले.”

हे उत्तर मला अगदीच उलटे वाटले. घरचा माणूस मेंबर झाला तर दुकानाचा खप वाढायला हवा, तो बंद कसा होईल? वडील म्हणाले, “कायदाच आहे तसा. सभेत बसायचं तर दुकान बाहेर ठेवून यायचं.” एवढे बोलून ते आकाशकंदिलाच्या काड्या तासण्यात गुंतले. मी मात्र ती रेघ विसरलो नाही. हा कायदा आला कुठून, तो कोणी केला आणि कशासाठी, याचा माग मी पुढे नोकरी सांभाळून फुरसतीने काढत राहिलो. त्यात जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो, आणि त्या रेघेची उरलेली हकीकत शेवटी सांगतो.

आधी नियम काय तो सरळ सांगतो. जो मनुष्य नगरपालिकेच्या सभेत बसून मत देतो, त्याने त्याच नगरपालिकेला माल विकू नये, तिचे काम मक्त्याने घेऊ नये, आणि भागीदाराच्या आडूनही घेऊ नये. कारण उघड आहे. लग्नाच्या देण्याघेण्याची याद वरपक्ष आणि वधूपक्ष अशा दोन्ही बाजूंनी एकाच माणसाने लिहिली, तर तो कितीही सज्जन असो, एका पक्षाला आपण बुडालो असे वाटणारच. आणि बहुधा ते खरेही असेल. गावाच्या बाबतीत बुडणारा पक्ष म्हणजे घरपट्टी भरणारा.

ही जाण आपल्याकडे नव्हती असे नाही. पेशवाईत महालावर कमाविसदार नेमत, तेव्हा त्याच्याकडून वसुलाच्या आधीच ‘रसद’ म्हणून रक्कम घेत. म्हणजे सरकारचा अधिकारी तोच आणि सरकारचा सावकारही तोच! त्याने रयतेकडून काय घेतले आणि आपल्या पदरात काय टाकले, हे पाहायचे कोणी? म्हणून त्याच्या जोडीला फडणीस, मुजुमदार असे दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि कमाविसदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. पैसा ज्याच्या हाती, त्याच्या हाती हिशेबाची लेखणी द्यायची नाही, हे शहाणपण त्यात होते. दुसऱ्या बाजीरावाने मामलती इजाऱ्याने, म्हणजे जो अधिक बोली करील त्याला, देण्याचा सपाटा लावला. तेव्हा हे दरकदार नावापुरते उरले आणि रयत नागवली गेली.

परंतु आमच्या आजोबांच्या खतावणीत जी रेघ उमटली, ती पेशव्यांच्या दप्तरातून आलेली नव्हती. ती आली विलायतेहून. अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या, तेव्हा फौजेला रम, धान्य, जहाजे पुरवणारे अनेक मक्तेदार खुद्द पार्लमेंटात बसलेले होते. लढाई जितकी लांबेल तितकी त्यांची चांदी, आणि ती लांबवावी की थांबवावी यावर मत देणारेही तेच. लढाई हरल्यावर लोकांचे डोळे उघडले आणि १७८२ साली सरकारी मक्तेदारांनी पार्लमेंटात बसू नये असा कायदा झाला.

गावांचा कारभार सुधारायला आणखी अर्धे शतक गेले. इंग्लंडमधील जुन्या नगरसंस्था म्हणजे आपल्याकडच्या वतनांचाच एक प्रकार होता. पुष्कळ गावांत जुनेच सभासद नवे सभासद निवडीत. गावाच्या जमिनी आपसांतच स्वस्त खंडाने वाटून घेत आणि गावाच्या पैशाने मेजवान्या झोडीत. १८३३ साली एक चौकशी मंडळ नेमले गेले. त्याच्या अहवालानंतर १८३५ साली नगरसंस्थांचा मोठा कायदा झाला आणि १७८ गावांना तो लागू झाला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात आपल्या कहाणीचा गाभा आहे. कौन्सिलशी झालेल्या कोणत्याही करारात किंवा नोकरीत ज्याचा ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः वा भागीदारामार्फत’ हिस्सा किंवा संबंध असेल, तो कौन्सिलर होण्यास अपात्र, असा त्याचा आशय.

हे आठ-दहा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे ते समुद्र ओलांडून मुंबईला आले, मुंबईहून जिल्ह्याजिल्ह्यांच्या नगरपालिकांत गेले आणि शेवटी खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या चावडीपर्यंत पोहोचले. एवढा प्रवास केलेली आणि एवढी कमी झिजलेली शब्दरचना कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

असा नियम जेथे नसतो, किंवा कागदावरच असतो, तेथे काय होते याचा नमुना १८७१ साली न्यूयॉर्कने जगाला दाखवला. विल्यम ट्वीड नावाचा एक धिप्पाड पुढारी तेथे शहराच्या कारभाराचा धनी होऊन बसला होता. कधी शाळाखात्यावर, कधी हिशेब मंजूर करणाऱ्या मंडळावर, तर कधी बांधकामखात्यावर. न्यायकचेरीची एक इमारत बांधायला सुरुवातीला अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते, ती एक कोटीच्या पुढे गेली. शहराची छपाई ज्या छापखान्याकडे जाई त्यात ट्वीडचे भाग होते, आणि इमारतीला संगमरवर ज्या खाणीतून येई त्या खाणीतही त्याचाच संबंध होता. वृत्तपत्रांनी त्या जुलैमध्ये हिशेबाची पानेच छापली. त्यांत एका गिलावा करणाऱ्याच्या नावे दोन दिवसांच्या कामाबद्दल एक लाख तेहतीस हजार डॉलरहून अधिक रक्कम पडलेली दिसली. थॉमस नास्टची व्यंगचित्रे तर अक्षरशत्रूलाही कळत होती. ट्वीडला शिक्षा झाली, तो तुरुंगातून निसटून स्पेनपर्यंत पोहोचला, परत आणला गेला आणि १८७८ साली कोठडीतच मेला.

योगायोग असा, की त्याच १८७१ साली आपल्या मुंबईतही करदाते खवळले होते. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सारा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला होता, आणि पहिला कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावाच्या मंडईत मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांनी दिवाळीची फळे घेतली, तोच हा गृहस्थ. कर्तबगारी दांडगी. रस्ते रुंद केले, घाण उपसली, मंडई उभी केली. परंतु पैशाला हात सैल, आणि त्या हाताला धरणारे कोणी नाही. नावाला जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा होती, पण तिचा वचक नव्हता. खर्च वाढत गेला, कर वाढले, सभा गाजल्या आणि क्रॉफर्डला जावे लागले.

त्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने निबंध वाचला आणि बहुतेकांना नाराज केले. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे असे, की एकाच कर्त्या अधिकाऱ्याच्या हाती काम देणे ही चूक नव्हे. त्याच्यावर नजर ठेवणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, ही चूक आहे. सभेने काम करू नये, काम करणाऱ्यावर पहारा ठेवावा. यातून दुसरे सूत्र आपोआप निघते. पहाऱ्यावर बसणाऱ्याने त्या घराशी सौदा करता कामा नये.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांची सभा मिळाली आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून दिले. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा यांनी कायदेमंडळात बसून मेहनत घेतली आणि १८८८ चा मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा झाला. अनेक दुरुस्त्या पोटात घेऊन तो आजही चालू आहे. त्याचे सोळावे कलम उघडावे, तो विलायतेतले ते शब्द आपल्याला सामोरे येतात: प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः वा भागीदारामार्फत. महापालिकेच्या परवान्यावर काम करणारे सर्व्हेअर आणि प्लंबर यांनाही त्याने दाराबाहेर ठेवले. त्यांच्या कामावर शिक्का मारणाऱ्या घरातच त्यांनी खुर्ची टाकून बसू नये म्हणून.

मात्र कायदा करणारे व्यवहारी होते. गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला हाकलले तर सभेत बसायला उरणार कोण? म्हणून त्यांनी काही फटी जाणूनबुजून ठेवल्या. जमिनीचा खरेदीखताचा किंवा भाड्याचा व्यवहार चालेल. महापालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात भाग असला तरी चालेल. नोंदलेल्या मोठ्या कंपनीचे भागधारक असलात तरी चालेल. नेहमीच्या धंद्यातली एखादी वस्तू कधीमधी, वर्षातून ठरावीक रकमेपर्यंत विकली तरीही चालेल. या फटींमागचा विचार वाईट नव्हता. हजार भागधारकांतला एक असणे आणि दुकानाचा धनी असणे यांत फरक आहेच. परंतु तपासनिसाच्या अनुभवाने सांगतो, की चोर भिंत फोडण्याआधी फट शोधतो.

ज्या १८८८ साली हा कायदा झाला, त्याच साली क्रॉफर्डसाहेब पुन्हा गाजले. आता ते मध्य भागाचे कमिशनर म्हणून पुण्यास होते. हनमंतराव नावाच्या हस्तकामार्फत मामलतदारांकडून नेमणुका-बदल्यांसाठी पैसे खाल्ल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि चौकशी मंडळ बसले. लाचेचे आरोप शाबित झाले नाहीत, असे मंडळाने ठरवले. परंतु आपल्याच अंमलाखालील लोकांकडून त्यांनी कर्जे घेतली होती, ते मात्र शाबित झाले, आणि त्यावरून त्यांची नोकरी गेली. माफीच्या आश्वासनावर साक्ष देणाऱ्या मामलतदारांचे हाल होऊ लागले, तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली, ती कथा स्वतंत्रच आहे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की लाच सिद्ध करणे फार कठीण असते. देणारा बोलत नाही, घेणारा कबूल होत नाही. पण ज्याच्यावर आपला अंमल चालतो त्याच्याशी पैशाचा व्यवहार झाला की नाही, हे कागदावरून कळते. हितसंबंधाचा नियम म्हणूनच शहाणा आहे. तो मनातले पाप शोधत बसत नाही, बसलेली जागा पाहतो.

खुद्द फौजदारी कायद्यातही हे तत्त्व होते. १८६० च्या दंडसंहितेत, ज्याला व्यापाराची मनाई आहे अशा सरकारी नोकराने व्यापार केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद सांगितली होती. पुढच्याच कलमात, जी मालमत्ता विकत घेण्याची मनाई आहे ती आपल्या, दुसऱ्याच्या किंवा भागीदारीच्या नावाने घेतली तर दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण ही दोन्ही कलमे नवे आकडे लावून तेथेही आली आहेत. पहिल्या गुन्ह्याला आता समाजसेवेची शिक्षाही देता येते.

येथे कोणी म्हणेल, की मक्तेदार म्हणजे वाईट माणूस असे का धरावे? तसे धरलेलेच नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः सरकारी बांधकामांचे मक्ते घेत. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध होता. बांधकामखात्यात पैसा कसा झिरपतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि निर्भीडपणे लिहिले. तेच जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली गव्हर्नर जनरल लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असे ठरू लागले, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. सरकारची कामे घेणारा माणूस सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला नाही म्हणतो, याला छाती लागते. प्रत्येक सभासदाची छाती एवढी नसते, म्हणूनच कायदा लागतो.

मुंबईचे शब्द पुढे जिल्ह्यांच्या नगरपालिकांना लागू झाले आणि आमच्या आजोबांची रेघ उमटली ती त्यांच्यामुळेच. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या चौदाव्या कलमातही ते आहेत. इतकी वर्षे त्यांतला सर्वांत अवघड शब्द ठरला तो ‘अप्रत्यक्ष’. अप्रत्यक्ष म्हणजे कुठवर? मुलगा? बायको? मेहुणा?

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याखाली असाच एक तंटा साठीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेत मोहरीर, म्हणजे कारकून होता. एवढ्यावरून बाप अपात्र ठरतो काय? न्यायालयाने सांगितले, केवळ नाते पुरेसे नाही. मुलाच्या नोकरीत बापाचा हितसंबंध आहे, हे दाखवायला हवे. २०१२ साली गोव्यातून आलेल्या प्रकरणात निकाल दुसऱ्या बाजूने लागला. पंचायतीच्या कामाचा मक्ता होता पतीच्या नावे आणि पंच होती पत्नी. परंतु गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालतो, आणि त्यात निराळा करार नसेल तर पती-पत्नींची मिळकत सामाईक असते. मक्त्याच्या नफ्यात पत्नीचा वाटा कायद्यानेच ठरलेला, तेव्हा ती अपात्र, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. न्यायालय नाते मोजत नाही. पैसा कोणाच्या घरी जातो, ते पाहते.

खुद्द इंग्लंडने मात्र १९३३ साली वाट बदलली. मक्ता असला म्हणून सभासदत्व जाणार नाही, पण तो हितसंबंध त्याने सभेत उघड सांगावा आणि त्या विषयावर मत देऊ नये, असे तेथे ठरले. बंदीऐवजी कबुली. ही वाट अधिक माणुसकीची वाटते, पण ती चालणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभी असते. १९७२ साली जॉन पाउल्सन या वास्तुशिल्पज्ञाच्या दिवाळखोरीची सुनावणी सुरू झाली, आणि त्याच्या वह्यांतून ठिकठिकाणच्या नगरपित्यांची नावे बाहेर पडू लागली. न्यूकॅसलचा बलाढ्य पुढारी डॅन स्मिथ याला १९७४ साली सहा वर्षांची कैद झाली. कोणी कबुली दिली नव्हती. बोलल्या त्या दिवाळखोराच्या वह्या.

आता त्या रेघेची उरलेली हकीकत.

मी नोकरीला लागल्यावर, एका दिवाळीत, पुन्हा माळ्यावर चढलो. या वेळी संवत १९९१ च्या पुढची खतावणीही उघडली. ‘म्युनिसिपालिटी खाते’ तीत नव्हते. पण एक नवे खाते होते, आजीच्या धाकट्या भावाच्या नावाचे. महिन्याला बारा डबे घासलेट. त्या मामाआजोबांचे दुकान नव्हते, गोदाम नव्हते, की घरी बारा डबे जळतील एवढे दिवेही नव्हते. बारा हा आकडा माझ्या ओळखीचा होता. रेघेच्या वरच्या प्रत्येक महिन्यात तोच होता.

मी आत्याला विचारले. आत्या आता नाही, पण त्या दिवशीचा तिचा चेहरा मला दिसतो. सुपातले पोहे पाखडता पाखडता ती थांबली आणि म्हणाली, “तुला सापडलं होय? मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. मामाच्या नावावर ठेका घेतला होता. डबे आपल्याच गोदामातून जायचे आणि पैसा आपल्याच गल्ल्यात यायचा. मामाला वर्षाकाठी एक धोतरजोडी.”

“मग पुढे?”

“पुढं लक्ष्मीपूजन आलं. पाटावर नवी खतावणी मांडली होती. आईनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, दौतीला, तराजूला, गल्ल्याला. वहीपाशी आली आणि हात मागं घेतला. दादांकडं न बघता म्हणाली, ‘ह्या वहीत माझ्या भावाचं नाव ओढलंय. पैसा त्याचा नाही. खोटी वही मी लक्ष्मीपुढं ठेवायची नाही.’ सगळं घर गप्प. दादा उठले आणि दुसरी कोरी वही घेऊन आले. मुहूर्त टळायला आला होता, तरी बसून पहिल्या पानापासून सगळी खाती पुन्हा लिहिली. मामाचं नाव सोडून.”

मी संवत १९९३ ची खतावणी काढून पाहिली. तिच्या पहिल्या पानावर हळदकुंकवाचे बोट होते आणि मामाआजोबांचे खाते नव्हते. आजोबा पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. “दुकान पोटाचं आहे, खुर्ची हौसेची,” असे ते म्हणत, हे मी वडिलांकडून ऐकले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. संवत १९९५ च्या वहीत ‘म्युनिसिपालिटी खाते’ पुन्हा उघडलेले आहे, आजोबांच्या दुकानाच्या नावाने, उजळ माथ्याने.

मी हिशेबतपासनीस म्हणून ती मधली खतावणी तपासली असती, तर मला त्यात काही चूक सापडली नसती. बेरजा बरोबर होत्या, जमा-नावे जुळत होते, माल गेला होता, पैसे आले होते. नगरपालिकेच्या दप्तरातही मक्तेदाराचे नाव वेगळे, सभासदाचे नाव वेगळे. १८३५ चे ते सारे शब्द आमच्या घरात हजर असूनही ते त्या वहीतून आरपार पाहू शकले नसते. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचा अर्थ घरात फक्त आजीला कळला होता, आणि तिला लिहिता-वाचता जेमतेम येत होते.

म्हणून मला वाटते, बंदी आणि कबुली हा वाद अपुरा आहे. बंदी हवी, कारण तिनेच आजोबांना आधी ती तांबडी रेघ मारायला लावली आणि आपण करतो आहोत ते आडून करावे लागते, याची जाणीव दिली. कबुलीही हवी, आणि ती गावाला दिसेल अशा भिंतीवर हवी. सभासद कोण, मक्तेदार कोण, त्यांचे नाते काय, हे सारे एका जागी लिहिलेले असले की बारा डब्यांचे गणित गल्लीतला कोणीही मांडू शकतो. आणि तिसरी गोष्ट कोणत्याच कलमात बसत नाही. घरातल्याच कोणीतरी, सणाच्या दिवशी, आपल्या माणसाची भीड मोडून हात मागे घ्यावा लागतो.

आमचे दुकान आता नाही. गावातले दिवे विजेचे आहेत आणि हिशेब संगणकात असतात. मी मात्र लक्ष्मीपूजनाला संवत १९९३ ची ती खतावणी अजून पाटावर मांडतो. नातवंडे विचारतात, इतकी जुनी वही कशाला? मी त्यांना पहिले पान दाखवतो. कुंकू आता काळपट पडले आहे, पण बोट कोणाचे ते ओळखू येते. वाचकहो, यंदाच्या पाडव्याला नव्या वहीवर ‘श्री’ काढताना, किंवा वही नसेल तर गावातल्या रस्त्यावरचा दिवा लागताना, एवढे एकदा मनाशी विचारावे: या दिव्याचे तेल कोण विकतो, आणि ते कोणाच्या मताने विकत घेतले जाते?